करवतीचं पातं आणि आईचं कातणं

मातीवर पहिली खाच ओढली आणि माझा हात तिथंच थांबला. हत्याराच्या तोंडाशी माती चिकटून गोळा झाली होती आणि खाचेच्या दोन्ही काठांना बर, म्हणजे कापताना उरते ती खरखरीत कड, उभी राहिली होती. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये ३४ वर्षं मी लेथवर धातू कापायचं काम केलं. आधी काय सुटून पडतंय ते बघायचं आणि मग जॉबकडे, म्हणजे घडवायच्या तुकड्याकडे, ही सवय अंगात मुरलेली. एम. एस., म्हणजे साधं मऊ पोलाद, कापलं की चिप स्प्रिंगसारखी वळत निघते, बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कापलं की भुगा पडतो. इथं दोन्ही नव्हतं, नुसता चिखल.

"काका, अजून ओलं आहे ते," पॉटरी शिकवणाऱ्या मॅडम पलीकडच्या टेबलावरून म्हणाल्या. "झाकून ठेवा, उद्या या."

उद्या किती वाजता, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ते घड्याळावर नाही ठरत. माती बघून ठरवायचं." हे उत्तर मी घरी घेऊन गेलो आणि पुढचे चार महिने त्याचाच मागोवा घेत राहिलो.

निवृत्त झाल्यावर मुलीनं घोडबंदर रोडकडच्या एका लहानशा पॉटरी स्टुडिओत माझं नाव घातलं. सावरकरनगरहून बसनं माजिवड्यापर्यंत, पुढे थोडं चालत. बुधवार आणि रविवार. चिमटीनं वाटी घडवणं, वळ्या एकावर एक रचून भांडं उभं करणं, माती पोळीसारखी लाटून त्याचं भांडं जोडणं हे सगळं पहिल्या दोन महिन्यांत झालं. ते मन लावून केलं, पण मला ओढ होती ती कोरण्याची. भांडं घडवताना मातीत भर घालायची असते, कोरताना मात्र काढायचं असतं. आणि काढण्याचंच काम तर मी जन्मभर केलेलं.

पहिल्यांदा मी जे केलं ते कारखान्यातल्या पद्धतीनं केलं. सेंटिमीटरभर जाड मातीची एक पोळी लाटली, घरी आणून खिडकीशी ठेवली, आणि दर तासाला त्याच हत्यारानं, तेवढ्याच दाबानं तिच्यावर एक खाच ओढली. प्रत्येक खाचेशेजारी वेळ लिहिली. जुलै होता. येऊरच्या डोंगरावरून पावसाची सर सुटली की आमच्या घरातली भिंतसुद्धा ओल धरते. सकाळी अकराला लाटलेली पोळी रात्री दहापर्यंत चिकटच होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास पहिल्यांदा हत्याराखालून माती सालपटासारखी वळत निघाली, आणि मागं राहिलेली खाच गुळगुळीत, काठ स्वच्छ. संध्याकाळपर्यंत तसंच चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी सालपट तुटायला लागलं आणि दुपारी पीठ पडायला लागलं. म्हणजे तीच माती ओली असताना चिखल, मग एम. एस., मग बीड.

स्टुडिओत या मधल्या अवस्थेला सगळे 'लेदर हार्ड' म्हणतात. बोट टेकवलं तर ठसा उमटत नाही, नखाची रेघ मात्र उमटते. हातात धरली तर साबणाच्या वडीसारखी घट्ट लागते. आणि मनगटाच्या आतल्या बाजूला लावली तर थंड लागते, कारण आतलं पाणी अजून उडत असतं. पूर्ण वाळलेल्या मातीचा तो गारवा गेलेला असतो. ही थंडपणाची खूण मला सगळ्यांत उपयोगी पडली.

ऑक्टोबरमध्ये तीच चाचणी परत केली. सकाळी अकराला लाटलेली पोळी दुपारी चारला कोरण्याजोगी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हातातून गेलेली होती. ठाण्यात राहून हे काम करायचं तर पावसाळ्यात धीर धरायचा आणि ऑक्टोबरात पळायचं. पंख्याखाली भांडं ठेवून वेळ वाचवायचा मोह मी दोनदा केला. पंख्याची बाजू आधी वाळली, तेवढीच आक्रसली आणि भांड्याचा काठ वाकडा झाला. आता मी एका मोठ्या झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात तळाला प्लास्टर ऑफ पॅरिसचा दोन बोटं जाड थर ओतून घट्ट केला आहे. थर पाण्यानं भिजवायचा, वर भांडं ठेवायचं, झाकण लावायचं. आठवडा झाला तरी भांडं आहे त्या अवस्थेत राहतं. आमच्याकडे करंज्यांची मळलेली कणीक ओल्या फडक्याखाली ठेवतात, तोच न्याय.

हत्यारांची दुकानं आहेत, लाकडी मुठीचे सुंदर संच मिळतात. मी एकही घेतला नाही, कारण हत्यार स्वतः घडवल्याशिवाय मला चैन पडत नाही. इंचाला २४ दात असलेलं हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं, पातं मोडून बोटभर तुकडे केले. एकाचे दात तसेच ठेवले. ते ओढलं की बारीक समांतर रेषांचा पट्टा पडतो, फणीसारखा. दुसऱ्याचं टोक ग्राइंडरवर घासून तिरपं केलं. बायकोच्या केसांची पिन वाकवून तिचा फासा केला आणि बांबूच्या काडीत बसवून वरून दोरा गुंडाळला. यानं रुंद, उथळ चर निघतो. खराट्याचे हीर ठिपक्यांसाठी. सुतळी जांभळी नाक्यावरून आणली आणि लाटण्याच्या तुकड्यावर घट्ट गुंडाळली. ती मातीवर फिरवली की पिळाचा ठसा उठतो. जपानमधल्या फार प्राचीन मातीकामाला 'जोमोन' म्हणतात, त्या शब्दाचा अर्थच दोरीचा ठसा.

पण सगळ्यांत आवडतं हत्यार मिळालं ते मोडक्या छत्रीतून. छत्रीची काडी नीट बघा. ती गोल नसते, पत्रा दुमडून केलेली असते, यू अक्षरासारखी. तिचा वीतभर तुकडा कापला, तोंडाला आतून-बाहेरून धार लावली की अडीच-तीन मिलिमीटरची पटाशी तयार. ठाण्याच्या पावसानं दर वर्षी घरात एक तरी छत्री मोडते, त्यामुळे कच्च्या मालाला तोटा नाही.

छत्रीच्या काडीपर्यंत मी एका नुकसानीतून पोचलो, ते सांगायला हवं. वळ्यांचं एक उभं भांडं मी फार जीव लावून केलं होतं. त्याच्या पोटावर तिरप्या टोकाच्या पात्यानं आडव्या खाचा घेतल्या, व्ही आकाराच्या, तळाशी टोकदार. काय रेखीव दिसत होत्या! भट्टीतून बाहेर आलं तेव्हा मधल्या खाचेच्या तळातून चीर गेली होती, जवळजवळ अर्धा घेर. मॅडमनी भिंतीची जाडी बघितली, माती नीट मळली होती का विचारलं. मी मात्र चीर कुठून गेली आहे ते बघत होतो. शाफ्टला पायरी काढताना कोपरा टोकदार ठेवला की शाफ्ट तिथूनच मोडतो, म्हणून तिथं रेडियस द्यायचा, म्हणजे कोपरा गोलसर करायचा, हे मला विसाव्या वर्षी माझ्या उस्तादांनी शिकवलं होतं. ताण टोकदार कोपऱ्यात गोळा होतो. माती वाळताना आणि भाजताना आक्रसते, ताण येतोच, आणि मी त्याला बसायला नेमकी जागा करून दिली होती. हे मला माहीत होतं. धातूत माहीत होतं, मातीत लागू केलं नाही, याचं फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून माझी प्रत्येक खाच तळाशी गोल असते. व्ही हवाच असेल तर शेवटी ओल्या बोटानं किंवा हिराच्या बोथट टोकानं तळ एकदा फिरवून घेतो.

खोलीचंही गणित आहे. कोरायचं भांडं मुळातच जाड ठेवायचं, ८-९ मिलिमीटर, आणि खाच एक तृतीयांशाच्या पुढं न्यायची नाही. जाडी बघायला बुडाशी टाचणी टोचायची आणि ती किती आत गेली ते मोजायचं. भोक नंतर मातीनं बुजवतात. काठाशी व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, चालतो. एकाच भांड्यावर कुठं तीन, कुठं पाच अशी खोली झाली तर वाळताना पातळ जागा आधी आक्रसते आणि जाड जागेशी भांडते.

उभ्या खाचा घेताना घेराचे सारखे भाग पाडणं हा पहिला अवघड टप्पा. कागदाची पट्टी भांड्याभोवती गुंडाळायची, जिथं टोकं भेटतात तिथं कापायची, मग चार वेळा दुमडायची. १६ भाग. मऊ पेन्सिलीनं खुणा कराव्यात, त्या भट्टीत जळून जातात. मग ओळीनं एकापुढं एक कोरत जायचं नाही. आधी चार दिशांच्या चार खाचा, मग त्यांच्या मधल्या चार, मग उरलेल्या आठ. ओळीनं गेलं की प्रत्येक खाचेत केसाएवढी चूक साठत जाते आणि शेवटच्या दोन खाचांमधली जागा तोंडावर येते. हत्यार निजवून धरायचं, आपल्याकडे ओढायचं, आणि वरच्या काठापासून बुडापर्यंत एका दमात यायचं. मधे थांबलात की तिथं पायरी पडते आणि ती कधीच जात नाही. मी भांडं स्पंजावर आडवं ठेवतो, उजेड एका बाजूनं घेतो. वरच्या ट्यूबलाइटच्या सपाट उजेडात खाच दिसतच नाही. मोबाइलचा टॉर्च बाजूनं धरला की प्रत्येक उणीव सावली टाकते.

आता चॅटरबद्दल. हे लिहिण्यासाठीच मी खरं तर बसलो आहे.

लेथवर कापायचं टूल त्याच्या पकडीतून जास्त बाहेर काढलं, किंवा जॉब बारीक आणि लांब असला, की टूल थरथरतं. 'कर्र' असा आवाज येतो आणि जॉबवर माशाच्या खवल्यांसारख्या खुणा पडतात. त्याला चॅटर म्हणतात, आणि तसा जॉब थेट भंगारात. तो आवाज कानावर पडला की वर्कशॉपमधली चार डोकी वळून बघायची. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येक मुलाला मी पहिली गोष्ट हीच शिकवली, की चॅटर होऊ द्यायचा नाही.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी मॅडमनी चाकावर काढलेला एक वाडगा पालथा घालून चाकाच्या मध्यावर बसवला, बूड खरवडून घेतलं आणि माझ्या हातात स्टीलची एक पातळ पट्टी दिली. खोक्यांना बांधतात ती पट्टी, टोकाला काटकोनात वाकवलेली. "काका, ही सैल धरा. घट्ट नका धरू. थरथरू दे."

मला ते जमेना. बोटं आपोआप आवळत होती. तिसऱ्या प्रयत्नात सोडलं आणि चाकावर तोच आवाज आला. कर्र. थांबून बघितलं तर वाडग्याच्या पोटावर बारीक टिकल्यांची ओळ, एकेक टिकली जोंधळ्याच्या दाण्यासारखी, सगळ्या सारख्या अंतरावर, वळत वळत वर गेलेली. जपानच्या क्युशू बेटावर ओन्ता नावाचं कुंभारांचं गाव आहे, तिथल्या भांड्यांची ही ओळख. तिथं याला 'तोबिकान्ना' म्हणतात, उड्या मारणारा रंधा. ते लोक घड्याळाच्या जुन्या स्प्रिंगचं हत्यार करतात.

माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच नाही. जे होऊ नये म्हणून ३४ वर्षं कान टवकारून उभा राहिलो, ते समोर इतकं देखणं होऊन बसलं होतं.

आणि मग कळलं की हे मला आधीपासून येतं. चॅटर टाळायला जे जे शिकलो ते सगळं उलटं करायचं. पट्टी हातातून जास्त बाहेर ठेवली की ती सावकाश थरथरते आणि टिकल्या लांब लांब पडतात. आखूड धरली की दाट. बुडाकडून काठाकडे घेर वाढतो, चाक तेवढ्याच फेऱ्या घेत असलं तरी माती पट्टीखालून जास्त वेगानं जाते, म्हणून टिकल्या आपोआप विरळ होत जातात. माती साध्या कोरण्याला लागते त्याहून जराशी कडक हवी, नाहीतर पट्टी उडी न मारता रुतून बसते. त्या संध्याकाळी मी मॅडमना टिकल्यांचं अंतर बदलून दाखवलं, सांगतील तसं. त्यांनी त्यांच्या वहीत लिहून घेतलं.

त्यांनीच मला एक जुना फोटो दाखवला. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला १९४५ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खनन केलं, तिथं मिळालेल्या ताटल्यांच्या तळावर आतून अशाच बारीक टिकल्यांची वर्तुळं आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. त्या दातेरी चाक फिरवून काढल्या की पातं थरथरवून, यावर अभ्यासकांमध्ये दोन्ही मतं आहेत. मी तो फोटो मोठा करून कितीतरी वेळ बघत बसलो. कुणाचा तरी हात तिथं सैल पडला असेल, किंवा कुणी तरी चाकाचे दात घासत बसला असेल.

दातेरी चाक म्हटल्यावर मला पहिलं काय आठवलं असेल? कातणं. पितळेचं, एका टोकाला नागमोडी चाक, करंज्यांच्या कडा कापायला. आमच्या घरात आहे ते आईचं. बायको स्वयंपाकघरातली वस्तू मातीत द्यायला तयार नव्हती, आणि तिचं बरोबरच होतं. "एकदाच," मी म्हणालो. "अहो, पण मग चिंचेनं घासून तुम्हीच ठेवायचं," ती म्हणाली. एका वाडग्याच्या काठाखाली कातण्याच्या तीन ओळी फिरवल्या. ही ओळ कोरायची नसते, नुसती दाबायची. म्हणून माती थोडी मऊ असतानाच घ्यावी लागते आणि आतून दुसऱ्या हाताचा आधार द्यावा लागतो. ओळी उमटल्या तेव्हा दिसलं की दर साडेसात सेंटिमीटरवर एक फट पडते आहे. कातण्याचा एक दात झिजून सपाट झालेला. इतक्या दिवाळ्या ते हातात घेतलं, कधी लक्षात आलं नव्हतं.

कातणं चिंचेनं घासून जागेवर ठेवलं. मग वागळे इस्टेटमधल्या मित्राच्या शॉपमध्ये गेलो. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही. आता आजूबाजूला काचेच्या इमारती आहेत, पण त्याच्या दोन लेथ चालू आहेत. २४ मिलिमीटरचा पितळी तुकडा, मधे भोक, आणि घेरावर तिकोनी कानशीनं हातानं २० दात. एक संध्याकाळ गेली. घरी येऊन मातीवर फिरवलं. ओळ सुबक आली, पण माझं मन रमेना. नजर कुठंच अडत नव्हती. दुसऱ्या दिवशी कानस घेतली आणि एक दात घासून सपाट केला.

पुढची पायरी लोक घाईनं उरकतात, म्हणून सांगतो. काठांवर उरलेली बर ओली असताना पुसायची नाही. पुसली तर ती खाचेत जाऊन बसते. भांडं पूर्ण वाळू द्यायचं, मग हिरव्या घासणीनं हलकेच घासायचं. भाजल्यानंतर तीच बर काचेसारखी बोट कापते. घासताना तोंडाला चांगला मास्क हवा आणि टेबल ओल्या स्पंजानं पुसायचं, झाडायचं नाही. मातीच्या धुळीत सिलिका असते. फाउंड्रीत आणि सँडब्लास्टिंगला काम केलेल्या माणसांची छाती त्या धुळीनं कशी होते ते मी जवळून पाहिलं आहे.

भट्टी विजेची. पहिलं भाजणं १००० अंशांच्या आसपास, मग ग्लेझ, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा होणारा लेप, लावून दुसरं १२२० पर्यंत. ५७३ अंशांवर मातीतल्या क्वार्ट्झची रचना बदलते आणि ती एकदम फुगते, थंड होताना त्याच ठिकाणी आक्रसते, म्हणून तो टप्पा सावकाश ओलांडावा लागतो, जाताना आणि येतानाही. भट्टी थंड व्हायला रात्र आणि वर अर्धा दिवस जातो. मी त्या वेळात उपवनच्या तळ्याकाठी चकरा मारतो.

ग्लेझनं माझे दोन वाडगे खाल्ले. पहिल्यांदा दाट पांढरं ग्लेझ लावलं आणि हॅक्सॉच्या पात्याच्या सगळ्या बारीक रेषा त्याखाली बुडून गेल्या. नंतर पातळ, पारदर्शक, हिरवट छटेचं लावलं. ते वितळताना उंचवट्यांवरून ओघळून खाचांत साठतं, जिथं साठतं तिथं गडद दिसतं, उंचवट्यावर फिकं. खोलीचा रंग होतो. टिकल्यांच्या वाडग्याला ग्लेझ दिलंच नाही बाहेरून. पाण्यात कालवलेलं लोहाचं ऑक्साइड चोळलं आणि ओल्या स्पंजानं वरचं पुसून घेतलं, फक्त टिकल्यांत राहू दिलं. आणि भांडं खाण्याचं असेल तर आतून कधीही कोरायचं नाही. अन्न अडकतं, धुतलं जात नाही.

भाऊबीजेला ताई डोंबिवलीहून आली. तिला करंजी कातणं फिरवलेल्या त्या वाडग्यात दिली. काही बोललो नव्हतो. तिनं करंजी खाल्ली, वाडगा हातात फिरवला, काठाखाली अंगठा नेला आणि थांबली. परत फिरवला.

"हे आईचं कातणं आहे," ती म्हणाली. "इथं दात नाहीये. मी लहानपणी करंजीवर ती फट शोधायचे."

मी उठून व्हर्नियर आणला आणि तिला मोजून दाखवलं. ओल्या मातीवर दोन फटींमध्ये ७५ मिलिमीटर होते, आता ६६. भाजताना सगळं भांडं एवढं आक्रसतं, त्यावरची नक्षीही. ताईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला एक दे असा. मोठा कर, आठ करंज्या राहतील असा. आणि फट ठेव."

आठ करंज्यांचा म्हणजे भाजून झाल्यावर २२ सेंटिमीटर तोंडाचा. ओला असताना २५ चा करावा लागेल. वळ्या कालच रचून झाल्या, डब्यात झाकून ठेवला आहे. आज सकाळी झाकण काढून मनगट लावून बघितलं. गार आहे, बोट अजून उमटतंय. कातणं फिरवायला एवढी मऊ माती बरी, पण खालच्या उभ्या खाचा उद्या सकाळीच घेता येतील.